तुळशीला पाणी कोण घालतं?

वैशाखाचं ऊन चढलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवमंदिरांत पिंडीवर गळती बांधतात. तिवईवर तांब्याचं पात्र, त्याच्या तळाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी किंवा कापडाची वळलेली चिंधी आणि तिच्या टोकावरून दिवसरात्र ठिबकणारं पाणी. गुरव सकाळी पात्र भरतो आणि आपल्या कामाला लागतो. काही घरांत याच महिन्यात तुळशीवरही असंच मडकं टांगतात. ही कुणा हौशी माणसाची युक्ती नव्हे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’त वैशाखातल्या पुण्यकर्मांमध्ये पाणपोई घालण्याच्या जोडीला देवावर गलंतिका, म्हणजे हीच गळती, बांधणंही येतं. माणूस जागेवर नसताना पाणी पडत राहावं, ही सोय धर्मशास्त्राला ठाऊक होती आणि मान्यही होती.

तरीही फ्लॅटच्या ग्यालरीतल्या तुळशीखाली एखादी सून पाण्याची टाकी बसवून वातीनं पाणी चढवायला लागली, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘मग पुण्य बाटलीलाच लागेल!’ अशी कोपरखळीही ऐकू येते. हसून सोडून द्यावी अशीच ती असते, पण तिच्या पोटात एक जुना आणि खरा प्रश्न आहे. सेवा म्हणून जे रोज हातानं करायचं, ते यंत्रणेवर सोपवलं तर ती सेवा उरते का? आणि उरली, तर कुणाच्या खात्यावर?

आधी ती वातीची कुंडी नीट पाहायला हवी, कारण वाद घालणाऱ्या पुष्कळांनी ती फक्त जाहिरातीत पाहिलेली असते. घरच्या घरी करायला दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली पुरते. ती मध्यावर, किंचित वरच्या अंगाला कापायची. झाकणाला तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडायचं, त्यातून जाड दोरी ओवून तिला आतल्या बाजूनं गाठ मारायची. गाठीच्या वर वीतभर दोरी मातीत पसरेल आणि खाली तेवढीच पाण्यात लोंबेल असं बघायचं. मग बाटलीचा वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा. वर माती, खाली पाणी, मधे दोरी. सुती दोरी पाणी झटकन ओढते, पण काही महिन्यांत कुजते, नायलॉनची टिकते. अंगणातली चिकण माती भरली तर तिचा चिखल होऊन मुळं गुदमरतात, म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत आणि थोडी जाडसर वाळू असं हलकं मिश्रण घ्यायचं. पाण्याच्या भागाला बाहेरून कागद गुंडाळायचा किंवा रंग द्यायचा, नाहीतर उजेडानं आत शेवाळ धरतं. ग्यालरीत पावसाची झड येत असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर बाजूला एक भोक हवंच. जास्तीचं पाणी तिथून वाहून जातं आणि रोप बुडत नाही.

समईत तेल जसं वातीतून वर चढतं, तसंच हे पाणी. धाग्यांमधल्या फटी जितक्या बारीक, तितकं पाणी उंच चढतं. यात चावी नाही, वीज नाही, घड्याळ नाही. वरची माती सुकली की वात पाणी ओढते, माती ओली असली की ओढ आपोआप मंदावते. आणि या सगळ्याला मूळ जोर लागतो तो उन्हाचा. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडतं, त्याची ओढ खोडातल्या पाण्याच्या अखंड धाग्यावरून मुळांपर्यंत पोहोचते आणि मुळं मातीतलं पाणी घेतात. मुळांनी घेतलेल्या पाण्याचा फार मोठा हिस्सा असा हवेत जातो. झाड स्वतःसाठी ठेवतं ते अगदी थोडं. हातात तांब्या धरणाऱ्या माणसाचा या साखळीतला वाटा आधीही फार मोठा नव्हता. पाणी मातीपर्यंत नेलं, एवढंच त्यानं केलं. पुढचं काम कधीच त्याचं नव्हतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: आधार, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. जो फक्त स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं पुढे म्हटलं आहे. हा विचार सहसा युद्धाच्या, नोकरीच्या, यशापयशाच्या संदर्भात सांगितला जातो. कुंडीला तो जास्त चपखल लागू पडतो. इथे पाचही कारणं उघड्या डोळ्यांनी मोजता येतात, आणि वात बसवली तरी त्यातलं एकच बदलतं: साधन. तांब्याच्या जागी दोरी आली. ‘पुण्य बाटलीला’ म्हणणाऱ्याला हे उत्तर देता येईल. पण एवढ्यानं त्याचं तोंड बंद होत नाही, आणि होऊही नये.

कारण या वादातला सर्वांत हट्टी पक्षकार अजून बोललेला नाही. तो आहे चीनमधला एक म्हातारा माळी. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या च्वांग त्सूच्या नावावर असलेल्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात त्याची गोष्ट येते. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झकुंग दक्षिणेकडच्या प्रवासातून परतत असताना हा म्हातारा त्याला दिसतो. त्यानं विहिरीच्या तळापर्यंत उतरायला वाट खणली आहे. घागर कवळून खाली जायचं, भरून वर यायचं, वाफ्यात ओतायचं आणि पुन्हा खाली. दम लागतोय पुष्कळ, भिजतंय थोडं. त्झकुंग व्यवहारी गडी. तो सांगतो, असं एक लाकडी साधन आहे, मागून जड नि पुढून हलकं. त्यानं एका दिवसात शंभर वाफे भिजतात. कोकणातल्या विहिरींवर पूर्वी लाट असायची, तीच ही. म्हाताऱ्याचा चेहरा रागानं बदलतो, मग तो हसतो. त्याचं म्हणणं असं, की जिथे यंत्रं येतात तिथे यंत्राच्या उठाठेवी येतात, त्या उठाठेवींमागून यंत्राचं मन येतं, आणि ते एकदा आत शिरलं की मनाचा साधेपणा जातो. ही युक्ती त्याला माहीत नव्हती असं नाही. वापरायची लाज वाटते, म्हणून तो वापरत नव्हता.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हाताऱ्याला शंभर गुण देऊन टाकतात. मूळ गोष्ट मात्र पुढे जाते. त्झकुंग खजील होऊन गुरूकडे येतो, तेव्हा कन्फ्यूशियसच्या तोंडी त्या म्हाताऱ्याबद्दल कौतुकापेक्षा शंकाच अधिक आहे: त्याला एक कळलं, दुसरं कळलं नाही, आतलं सांभाळतो, बाहेरचं नाही. शिवाय म्हाताऱ्याच्या हातातली घागर कुणीतरी चाकावर घडवून, भट्टीत भाजूनच आणलेली असणार. ती यंत्र नाही आणि लाट मात्र यंत्र, ही रेघ त्यानं नेमकी कुठे ओढली? त्याच चीनमध्ये पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शंगचर याच्या शेतीवरच्या ग्रंथात खरबुजासारख्या वेलींसाठी जमिनीत मडकं पुरण्याची रीत येते. मडक्याचं तोंड जमिनीबरोबर, भोवती वेल, आत पाणी. झिलई नसलेल्या भाजक्या मातीच्या अंगातून ते हळूहळू पाझरतं. आपल्याकडे मटका सिंचन म्हणतात ते हेच. म्हाताऱ्याच्या कडेवरची घागर उचलून जमिनीत पुरली आणि माणूस घरी गेला.

सावता माळ्यांना या म्हाताऱ्याशेजारी बसवून पाहिलं की गंमत येते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव. १२९५ साली तिथेच समाधी. पंढरी जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच राहिले, आणि विठ्ठल त्यांच्याकडे आला अशी कथा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपुराकडे जातात, सावतोबांसाठी विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. कांदा, मुळा, भाजी यांत विठाबाई पाहणारा त्यांचा अभंग महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण त्याच अभंगात पुढे ते मोट, नाडा, विहीर आणि दोरी यांचाही हिशेब पंढरीतच करतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. भाजीला देव म्हणणं सोपं आहे. अवजारालाही त्याच पंगतीत बसवणं, हे त्या चिनी म्हाताऱ्याला मिळालेलं सडेतोड उत्तर आहे, आणि ते देणारा माणूस स्वतः माळी आहे.

मग प्रश्न मिटला? नाही. मोट चालताना डोळ्यांसमोर आणावी. धावेवरून बैल पुढे जातात, नाडा ताणला जातो, चामड्याची मोट वर येते, सोंदूर खेचली की थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. वाफा भरला की दारं धरणाऱ्यानं खोऱ्यानं माती ओढून तो बंद करायचा आणि पुढचा उघडायचा. मोटकरी बाजूला झाला की मोट थांबते. दारं धरणारा बांधावर झोपला की एक वाफा फुटतो आणि दुसरा कोरडा राहतो. म्हणजे मोट माणसाची ताकद वाचवते, हजेरी मात्र वाचवत नाही. वातीची कुंडी नेमकी हजेरी वाचवते. ग्यालरीत बसवलेल्या टाकीतलं खरं नवं काही असेल तर ते हे आहे, आणि आठी पडते तीही यावरच.

माणूस हजर नसताना त्याचं काम चालू राहिलं, तर ते त्याचं काम की नाही? हा प्रश्न ज्यू धर्मशास्त्रानं पाण्याच्याच उदाहरणावर सोडवलेला आहे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, झाडांना पाणी घालणं वर्ज्य. पण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बागेच्या पाटाचं दारं उघडून ठेवलं आणि पाणी शनिवारभर वाहत राहिलं, तर? शम्माय या जुन्या ज्यू गुरूच्या परंपरेतले लोक म्हणाले, माणसाबरोबर त्याच्या अवजारांनाही विसावा हवा. हिलेल या दुसऱ्या गुरूच्या परंपरेतल्यांनी परवानगी दिली: काम वेळेत सुरू केलं होतं, पुढे ते आपलं आपण चाललं, त्यात आज्ञाभंग नाही. तलमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या या चर्चेत हिलेलचं मत टिकलं. त्यामुळेच आज शुक्रवारीच घड्याळ लावून ठेवलेलं ठिबक शनिवारी चालू राहिलं, तरी धार्मिक ज्यू माणसाला अडचण वाटत नाही.

हे प्रकरण मराठी माणसाला वाटतं तितकं परकं नाही. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल शेजाऱ्यांना ‘शनवार तेली’ म्हणून ठाऊक होते. हिब्रू बरीचशी विस्मरणात गेली, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे राहिलं. बैलालाही त्या दिवशी विसावा द्यायचा, असं मूळ आज्ञेतच सांगितलं आहे. बैल मोकळा राहिला पाहिजे, पाटाचं पाणी मात्र वाहिलं तरी चालेल. ज्याला थकवा येतो त्याला सुटी, ज्याला येत नाही त्याला नाही, असा हा निवाडा आहे. शम्मायवाद्यांपेक्षा तो नक्कीच शहाणपणाचा. दोरीला विश्रांती लागत नाही.

हिलेलच्या उत्तरानं दोष गेला. पुण्याचं काय? त्यासाठी घरच्याच मीमांसकांकडे, म्हणजे यज्ञकर्माचा काथ्याकूट करणाऱ्या शास्त्रकारांकडे, जावं लागतं, कारण कर्म एकाचं आणि फळ दुसऱ्याचं ही त्यांची रोजची अडचण होती. यज्ञात आहुती टाकतात ऋत्विज, मंत्र म्हणतात ऋत्विज, धुरानं डोळे लाल होतात तेही त्यांचेच. स्वर्ग मात्र यजमानाला. जैमिनीच्या सूत्रांचा तिसरा अध्याय हे बिनदिक्कत सांगतो: फळ प्रयोजकाचं. ऋत्विजांचं श्रममूल्य दक्षिणेनं चुकतं झालं, हिशेब संपला. या न्यायानं पाहिलं तर वात ही ऋत्विज आहे, तीही दक्षिणा न मागणारी. ज्यानं संकल्प केला, टाकी बसवली, पाणी भरलं, फळ त्याचंच. लडाख-स्पितीत ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी मणिचक्रं, म्हणजे प्रार्थनाचक्रं, आहेत. ती बसवणाऱ्यांचा विचारही यापासून फार लांबचा नसावा.

पण मीमांसक एवढं सैल सोडून देणारे नव्हते. सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे: एखादी वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी काय चालेल? साळीचे तांदूळ नसतील तर देवभात चालतो. सोम नसेल तर पूतिका चालते. द्रव्याला बदली आहे. देवता, अग्नी आणि मंत्र यांना नाही. आणि ज्याचं कर्म आहे त्या स्वामीलाही नाही. हात उसने घेता येतील, साहित्य बदलता येईल, पण ‘हे माझं आहे’ असं म्हणणारा एक माणूस जागेवर लागतोच. त्याच्याऐवजी दुसरा उभा केला तर ते कर्म त्याचं राहत नाही.

कुंडीच्या बाबतीत हा नियम अगदी व्यवहारात उतरतो. बिघाड कुठे होतो तेवढंच पाहावं. वात बसवल्यावर पहिले काही दिवस कौतुकाचे असतात. मग टाकीकडे पाहण्याची सवय जाते, कारण न पाहता चालावं म्हणूनच ती आणलेली असते. झाकण निघून पडतं. साठलेल्या पाण्यात एडीस डासाची मादी अंडी घालते. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं घरोघर येतात तेव्हा कुंडीखालच्या बशा आधी उचलून पाहतात, ते उगाच नाही. इकडे झाडाच्या शेंड्याशी पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस बसलेला असतो. रोज सकाळी तांब्या घेऊन कुणी आलं असतं तर तो दुसऱ्या दिवशीच दिसला असता. आता फांदी काळी पडल्यावर दिसतो. खतातले क्षार वर चढून मातीवर पांढरी साय धरते, आणि वरून भरपूर पाणी घालून ती धुवायला हवी हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वरून पाणी घालायचं कामच उरलेलं नसतं.

तेव्हा वडीलधाऱ्यांच्या आठीत तथ्य आहे, फक्त त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे. पुण्य बाटलीला लागत नाही. माणसाची नजर मात्र हटते. तुळशीला पाणी घालण्याच्या रिवाजात पाण्याइतकंच रोज तिच्यासमोर उभं राहणं होतं. कोणतं पान पिवळं पडलंय, मंजिऱ्या कधी खुडायला झाल्या, हे त्या दोन मिनिटांत आपोआप कळायचं. ही नजर वातीवर सोपवता येत नाही, आणि मीमांसकांच्या भाषेत स्वामीला प्रतिनिधी नाही तो याच अर्थानं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. हातानं घातलेलं पाणी नेहमी झाडासाठीच असतं असं नाही. पुष्कळदा ते घालणाऱ्याच्या समाधानासाठी असतं. सकाळी आंघोळ झाली, तांब्याभर पाणी ओतलं, नमस्कार केला, नियम पाळला. माती कालचीच ओली आहे हे बोट लावून कुणी पाहिलं? कुंडीतली झाडं तहानेपेक्षा अति पाण्यानं जास्त मरतात, असं रोपवाटिकेतले लोक सांगतात, आणि तुळस त्यात पुढेच. तिला दोन पाण्यांमध्ये माती जराशी सुकलेली आवडते. घरातली तीन माणसं तीन वेळा भक्तिभावानं पाणी घालतात आणि तुळस मुळाशी कुजून जाते, असंही घडतं. अशा घरात वात ही भक्तीला लावलेली शिस्त ठरेल. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी एवढंच अर्पण पुरेसं मानलं आहे, पण ते संयमी चित्तानं दिलेलं असावं अशी अटही तिथेच आहे. कुंडीच्या बाबतीत तो संयम बोटानं माती चाचपूनच येतो.

निवाडा द्यायचाच तर तो गळतीच्या रिवाजानुसार द्यावा. वैशाखातली ही गळती बारा महिन्यांची नाही. ती उन्हाळ्यापुरती बांधतात, आणि ती बांधली म्हणून सकाळची पूजा चुकवत नाहीत. गावाला जायचं असेल, घरातलं माणूस आजारी असेल, नोकरीची वेळ विचित्र असेल, उन्हाळा कडक असेल, तर तुळशीला खुशाल वातीवर ठेवावं. त्यात ना धर्म बुडतो ना कर्तेपण. घरी असताना मात्र टाकी भरायचं काम नोकरावर किंवा नळीवर टाकू नये. टाकी पूर्ण रिकामी झाली की एखादा दिवस तशीच ठेवावी, म्हणजे मुळांना हवा मिळते. पाण्याचा भाग आठवड्यातून एकदा घासून पुसावा, भोकांना बारीक जाळी लावावी आणि महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते निथळू द्यावं. निवडुंग, अडेनियम, कोरफड यांना ही कुंडी मुळीच मानवत नाही. मनी प्लँट, पीस लिली, पुदिना यांना चांगली मानवते. तुळशीसाठी वात बारीक घ्यावी. आणि प्रवासाला निघायच्या दिवशी घाईघाईनं कुंडी जोडू नये. आठवडाभर आधी जोडून माती वरपर्यंत ओली राहते का ते पाहावं, आणि जोडताना वात आधी पाण्यात भिजवून माती वरून एकदा चिंब करावी. कोरडी वात आणि कोरडी माती यांच्यातून पाणी वर चढत नाही.